धावणाऱ्याची भाकरी आणि झोप

धावण्याला खर्च लागत नाही, असे लोक म्हणतात. पायांत बूट नसले तरी चालते, मैदान नसले तर रस्ता आहे, आणि बरोबर खेळायला गडी नसला तरी अडत नाही. म्हणून लांब पल्ल्याचे धावणे हा गरिबाचा खेळ समजला जातो. या हिशेबात एक मोठी रक्कम लिहायची राहून गेलेली असते. माणूस वीस मैल धावतो तेव्हा अंगातला साठा मोडून खातो. स्नायूंचे तंतू दुखावतात, पाणी आणि मीठ घामावाटे जाते. ही मोडतोड भरून यायला धावण्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि तो वेळ जायचा असतो पानावर आणि अंथरुणावर. धंदेवाईक धावपटूला तो त्याच्या धंद्यातच मिळतो. हौशी माणसाला तो नोकरीतून, प्रवासातून आणि घरकामातून ओढून काढावा लागतो. ज्याला तो काढता येत नाही त्याचे धावणे म्हणजे मुद्दल खाऊन व्यापार करणे होय.

हा भरपाईचा वेळ माणसाला कसकसा समजत गेला आणि कोणाकोणाच्या वाट्याला येत गेला, हा आजचा विषय आहे. आम्ही वैद्य नव्हे, आणि शर्यती जिंकलेले वीरही नव्हे. पाळीचे तक्ते, ओव्हरटाइमचे हिशेब आणि रजेचे अर्ज यांत आमचे आयुष्य गेले व त्याच वाटेने आम्ही या विषयात शिरलो. तेव्हा श्रोत्यांनी पदकांच्या गोष्टींपेक्षा तासांच्या गोष्टी जास्त ऐकण्याची तयारी ठेवावी.

सुरुवात एका जमीनदारापासून करू. कॅप्टन बार्कले अलार्डिस हा स्कॉटलंडमधला सधन गृहस्थ. १८०९ साली इंग्लंडात न्यूमार्केट येथे त्याने एक हजार गिनींची पैज मारली की, एक हजार तासांत एक हजार मैल चालून दाखवीन. मात्र अट अशी की प्रत्येक तासाला एक मैल झाला पाहिजे. १ जूनला त्याने सुरुवात केली आणि १२ जुलैला पैज जिंकली. अंतराच्या दृष्टीने दिवसाला चोवीस मैल चालणे हे काही अचाट काम नव्हे. आपले वारकरी आणि टपालाचे जुने हरकारे हसतील. पैजेतली खरी मेख झोपेत होती. बार्कले एका तासाच्या अखेरीस एक मैल आणि लगोलग पुढच्या तासाच्या आरंभी दुसरा मैल चालत असे, म्हणजे मधे दीडेक तास मोकळा सापडे. सहा आठवडे त्याला सलग दीड तासापलीकडे झोप मिळाली नाही. शेवटी शेवटी नोकरांना त्याला गदागदा हलवून उभे करावे लागे. खाण्याची आबाळ तर मुळीच नव्हती. भाजलेली कोंबडी, मटण, बिअर, चहा सारे हजर होते. तरीही त्याचे वजन सुमारे चौदा किलोंनी उतरले. पुरेसे खाऊनही झोपेवाचून माणूस झिजतो, याचा याहून जाहीर दाखला त्या काळात दुसरा नसेल. परंतु पाहायला जमलेले लोक पैजा लावण्यात दंग होते. शास्त्र म्हणून त्याकडे कोणी पाहिले नाही.

याच बार्कलेच्या पद्धतीवर वॉल्टर थॉम याने १८१३ साली एक पुस्तक लिहिले, आणि पुढची पन्नाससाठ वर्षे चालणारे-धावणारे लोक त्यातल्या नियमांनी तयार होत राहिले. आधी जुलाब देऊन पोट साफ करायचे. मग अर्धेकच्चे गोमांस किंवा मटण, शिळा पाव आणि जुनी बिअर. गाजर, सलगम, बटाटा या वस्तू पाणचट म्हणून वर्ज्य. पाणी कमी प्यायचे, आणि फलाटीचे कपडे घालून घाम निघेस्तोवर धावायचे. आज हे वाचून हसू येते. मात्र त्याच नियमांत असेही आहे की, पहाटे पाचला उठावे, दुपारी बाराच्या सुमारास अर्धा तास अंथरुणात पडावे आणि रात्री आठला निजावे. म्हणजे रात्रीचे नऊ तास आणि वर दुपारची वामकुक्षी! आहाराच्या बाबतीत ही मंडळी पार चुकली, पण झोपेच्या बाबतीत आजच्या प्रयोगशाळांच्या बरीच जवळ होती. अर्थात रात्री आठला निजणे हे ज्याच्या शेतावर दुसरे राबतात त्यालाच जमायचे.

मांसाचा हा हट्ट पुढे शास्त्राच्या आश्रयाला गेला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८४२ साली असे मांडले की, स्नायू काम करतो तेव्हा तो स्वतःच जळतो, आणि म्हणून कष्ट करणाऱ्याला प्रथिन हेच खरे इंधन. लीबिगचे नाव एवढे मोठे की वीस वर्षे कोणी फारसे तोंड उघडले नाही. १८६५ साली झुरिकच्या फिक व व्हिस्लिसेनुस या दोन प्राध्यापकांनी एक साधा, पण मोठा गमतीदार प्रयोग केला. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिनयुक्त अन्न बंद केले. पिठुळाच्या चरबीत तळलेल्या वड्या आणि साखरेचा चहा एवढ्यावर राहून स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न नावाचा डोंगर ते सुमारे दोन हजार मीटर चढून गेले. वाटेत आणि नंतर त्यांनी आपले मूत्र जपून ठेवले, त्यातले नत्र मोजले, आणि त्यावरून शरीरात किती प्रथिन जळले हे काढले. चढाईच्या कामाची किंमत आणि जळलेल्या प्रथिनाची शक्ती समोरासमोर मांडली, तेव्हा निम्मीही मजुरी भरेना. उरलेले काम पिठाने आणि चरबीने केले होते, हे उघड झाले.

एवढे झाले तरी धावणाऱ्यांचे शिक्षक पुढेही पन्नास वर्षे मांस आणि अंडीच चारीत राहिले. प्रयोगशाळेतून मैदानापर्यंत यायला ज्ञानालाही वेळ लागतो, आणि मधे बसलेल्या मुकादमाला ते नको असले तर फारच लागतो.

आता ‘हौशी’ हा शब्द तपासू, कारण आमच्या मते सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. इंग्लंडात १८६६ साली अमॅच्युअर अॅथलेटिक क्लब निघाला. हौशी कोणाला म्हणावे हे ठरवताना या मंडळींनी लवकरच असा नियम केला की, जो पैशासाठी धावतो तो हौशी नव्हेच, शिवाय जो धंद्याने कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर आहे तोही नव्हे. म्हणजे हातांनी काम करून पोट भरणे हीच अपात्रता! युक्तिवाद असा होता की, अंगमेहनतीने ज्याचे शरीर कसलेले असते त्याला सभ्य गृहस्थांविरुद्ध अन्यायाचा फायदा मिळतो. दहा-बारा तास लोखंड पिटून आलेला माणूस संध्याकाळी ताजातवाना असतो, हा शोध ज्याने लोखंड कधी पिटले नाही त्यालाच लागायचा. १८८० साली ऑक्सफर्डला नवी संघटना स्थापन झाली तेव्हा धावण्याच्या क्षेत्रातून ही अट गेली. हेनलीच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीत मात्र तिचा अंमल १९३७ पर्यंत टिकला.

अट गेली आणि कामगार धावू लागले. ते कसे धावत होते हे पाहायचे असेल तर १९०४ सालची अमेरिकेतल्या सेंट लुईसची ऑलिंपिक मॅरेथॉन पाहावी. ऑगस्टअखेरची दुपार, तापमान तिशीच्या वर, सात टेकड्या, मोटारींनी उडवलेली धूळ, आणि सगळ्या मार्गात पाणी मिळण्याच्या जागा फक्त दोन. आयोजकांपैकी प्रमुख असलेल्या सलिव्हन यांना पाण्यावाचून माणूस किती तग धरतो हे पाहण्याचेही कुतूहल होते. बत्तीस जण निघाले आणि चौदा पोचले. जिंकला तो थॉमस हिक्स, पितळेचे काम करणारा कामगार. त्याच्या मदतनीसांनी त्याला वाटेत पाणी नाकारले आणि अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी व कुचल्यातून निघणारे स्ट्रिक्निन हे विष थोडे थोडे दिले. शेवटी त्याला भास होऊ लागले, दोघांनी धरून आणावे तसा तो आला. त्याच्या आधी फ्रेड लॉर्झ नावाचा गडी पोचला होता, पण तो मधले अकरा मैल मोटारीत बसून आला होता असे निघाल्यावर बाद झाला. या लॉर्झची लबाडी सगळे सांगतात; तो गवंडी होता आणि दिवसभर विटा रचून रात्री सराव करीत असे, हे फारसे कोणी सांगत नाही. पुढच्याच वर्षी त्याने बोस्टनची मॅरेथॉन स्वतःच्या पायांनी जिंकली.

याच शर्यतीत क्यूबाचा एक पोस्टमन होता, फेलिक्स कार्वाहाल. वर्गणी गोळा करून तो अमेरिकेत आला, पैसे वाटेत जुगारात घालवले, आणि कसाबसा, उपाशीपोटी शर्यतीला हजर झाला. सांगतात की धावता धावता भूक लागली म्हणून त्याने एका बागेतली सफरचंदे खाल्ली. ती नासकी निघाली, पोटात कळा आल्या, म्हणून तो रस्त्याकडेला आडवा झाला आणि डुलकी काढून पुन्हा धावू लागला. तरी त्याचा चौथा नंबर आला. त्या दिवशी स्ट्रिक्निन पिऊन धावणाऱ्याला लोकांनी खांद्यावर घेतले आणि सफरचंद खाऊन झोपणाऱ्याला विदूषक ठरवले. आमचे मत विचाराल तर, त्या सगळ्या गर्दीत शरीराचे म्हणणे ऐकणारा तो पोस्टमन एकटाच होता. फक्त फळे बघून घ्यायला हवी होती.

वीस वर्षांनी बोस्टनमध्ये गोष्टी शहाणपणाने होऊ लागल्या. इन्शुलिनचा शोध नुकताच लागला होता, आणि रक्तातली साखर एकदम उतरली की माणसाचे काय होते हे डॉक्टरांना प्रथमच ठाऊक झाले होते. १९२४ च्या मॅरेथॉननंतर बोस्टनच्या काही डॉक्टरांनी धावपटूंचे रक्त तपासले. जे पांढरेफटक पडून, थरथरत, बावरलेल्या नजरेने पोचले त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली होती; इन्शुलिन जास्त झालेल्या रोग्यासारखीच ती लक्षणे. पुढल्या वर्षी त्यांनी धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय अन्न भरपूर खायला सांगितले आणि वाटेत चघळायला साखरेच्या गोळ्या दिल्या. ते पुष्कळ बऱ्या स्थितीत पोचले. एक आण्याच्या गोळीने ब्रँडीवर केलेली ही मात होय.

त्या वर्षांतला बोस्टनचा राजा होता क्लॅरेन्स डीमार. १९११ ते १९३० या काळात सात वेळा त्याने ती शर्यत जिंकली, शेवटची एक्केचाळिसाव्या वर्षी. पेशाने तो छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी. डॉक्टरांनी त्याच्या हृदयात आवाज ऐकून धावणे सोड, जिनेसुद्धा जपून चढ, असे बजावले होते. तो कामावर जाता-येता धावून सराव करी आणि दिवसभर उभ्याने खिळे जुळवी. १९५८ साली तो वारला तेव्हा शवचिकित्सेत त्याच्या हृदयाच्या रोहिण्या सामान्य माणसाच्या दुपटी-तिपटीने रुंद आढळल्या. छापखान्यातल्या आमच्या सभासदांना आम्ही ही गोष्ट आवर्जून सांगतो. ती ऐकून ते प्रथम पगार विचारतात, मग कामाचे तास विचारतात. हृदयाचे शेवटी विचारतात. तो क्रम योग्यच आहे.

अन्नाचे कोडे खऱ्या अर्थाने सुटले ते स्कँडिनेव्हियात. १९३९ साली कोपनहेगनमध्ये क्रिस्टेन्सन आणि हॅन्सन यांनी दाखवले की, चरबीचा आहार घेतलेला माणूस ठरावीक वेगाने जेमतेम दीड तास काम करतो आणि पिष्टमय आहार घेतलेला तोच माणूस चार तास टिकतो. असे का, हे समजायला स्नायूच्या आत डोकावणे भाग होते. स्टॉकहोममध्ये बेर्गस्ट्रॉम यांनी सुईने स्नायूचा तीळभर तुकडा काढण्याची पद्धत बसवली. १९६६ साली त्यांनी आणि हल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पायटे मारले. दुसरा पाय विश्रांती घेत राहिला. थकून जाईपर्यंत हे केल्यावर काम केलेल्या पायातला ग्लायकोजन, म्हणजे स्नायूत साठवलेले पीठ म्हणा, जवळजवळ संपला होता. नंतर तीन दिवस त्यांनी पिष्टमय अन्न खाल्ले. रिकामा झालेला पाय भरला, इतकेच नव्हे तर आराम केलेल्या पायाच्या दुप्पट भरला. एकाच माणसाचे दोन पाय, एकच रक्त, एकच जेवण. तरी ज्याने काम केले त्याच पायाने साठा ओढून घेतला. पुढल्या वर्षीच्या त्यांच्या प्रयोगात मांस-चरबीवर ठेवलेली माणसे सुमारे एक तास सायकल चालवू शकली, मिश्र आहारावर दोन तासांच्या थोडे आत, आणि पिष्टमय आहारावर पावणेतीन तासांच्या आसपास.

हे ज्ञान मैदानावर प्रथम गाजवून दाखवणाऱ्यांत इंग्लंडचा रॉन हिल होता, आणि तोही हौशीच. मँचेस्टरकडचा, कापडाच्या रसायनाचा डॉक्टर, दिवसाची पूर्ण नोकरी आणि कामावर जाता-येता धावणे. १९६९ साली अथेन्सच्या युरोपीय मॅरेथॉनआधी त्याने काही दिवस पीठ-साखर बंद करून साठा रिकामा केला, मग शेवटचे दिवस पाव-साखरेवर तो भरला, आणि शर्यत जिंकली. आता रिकामा करण्याच्या त्या त्रासाची गरज नाही हे ठरले आहे. शेवटचे दोन-तीन दिवस धावणे कमी करून भात-भाकरी वाढवली की पुरते. मोठ्या शर्यतीनंतर साठा पुन्हा भरायला चांगले जेवूनही एक पूर्ण दिवस लागतो, आणि स्नायू फार दुखावले असतील तर दोन-तीन दिवसही. पहिल्या दोन-चार तासांत स्नायू अधिक भुकेला असतो, म्हणून पोचल्याबरोबर काही खाल्लेले बरे. प्रथिनही हवेच, पण जळणासाठी नाही. तुटलेले तंतू सांधण्यासाठी, दर जेवणाला वीस-पंचवीस ग्रॅम. इथे आपल्या ताटाकडे पाहावे. शंभर ग्रॅम ज्वारीत दोन तृतीयांश पिष्ट आणि सुमारे दहा ग्रॅम प्रथिन असते. भाकरी, डाळ, वर वाटीभर दही असे जेवण करणाऱ्याने परदेशी डब्यातल्या भुकटीपुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायांनी शास्त्र न वाचता हेच ताट तीन पिढ्या वाढले.

अन्नाचे शास्त्र असे दीडशे वर्षे पुढे सरकत असता झोपेचे शास्त्र मात्र झोपलेलेच होते. झोप म्हणजे काम न करण्याचा वेळ, असे मालकाला वाटे. शास्त्रज्ञालाही थोडेफार तसेच वाटे. ते बदलले शिकागोत. शिकागो हे नाव आमच्या कानांना वेगळे लागते. १८८६ च्या मे महिन्यात याच शहरात आठ तासांच्या दिवसासाठी संप झाला, हेमार्केटच्या चौकात बॉम्ब पडला, गोळीबार झाला, आणि पुढे कामगार पुढारी फासावर गेले. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःसाठी ही मागणी रॉबर्ट ओवेनने त्यापूर्वी सत्तर वर्षे मांडली होती, आणि मेलबर्नच्या दगडफोड्या गवंड्यांनी १८५६ साली ती पदरातही पाडून घेतली होती. पण आठ तासच विश्रांती का, सात का नको, सहा का नको, याचे उत्तर तेव्हा कोणाजवळ नव्हते. ते उत्तर शोधणारी प्रयोगशाळा त्याच शिकागोच्या विद्यापीठात उभी राहिली. क्लाइटमन या संशोधकाने १९३८ साली एका शिष्यासह केंटकीतल्या मॅमथ नावाच्या गुहेत बत्तीस दिवस काढले आणि अठ्ठावीस तासांचा दिवस पाळून पाहिला. तरुण शिष्याला ते जमले, क्लाइटमनच्या शरीराने मात्र चोवीस तासांचा हट्ट सोडला नाही. घड्याळ अंगात असते आणि तक्ता लावून ते सरसकट सगळ्यांचे बदलता येत नाही, हे ज्याने पाळी बदलून काम केले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. १९५३ साली क्लाइटमन आणि त्याचा विद्यार्थी असेरिन्स्की यांनी झोपेतल्या डोळ्यांच्या हालचालींची नोंद केली, आणि झोप ही एक सलग गुंगी नसून तिच्यात निरनिराळे टप्पे आहेत हे सिद्ध झाले.

१९६८ साली एक दुवा जुळला, आणि तो जुळला सेंट लुईसमध्ये, जिथे हिक्सला विष पाजले त्याच गावात. ताकाहाशी, किप्निस आणि डॉहडे यांनी निजलेल्या माणसांचे रक्त रात्रभर थोडे थोडे घेऊन तपासले. झोप लागल्यावर पहिल्या गाढ टप्प्यात वाढीचे संप्रेरक एकदम उसळून रक्तात येते, असे त्यांना आढळले. निजण्याची वेळ पुढे ढकलली तर तेही पुढे जाई. १९९९ साली पुन्हा शिकागोतच स्पीगेल आणि सहकाऱ्यांनी अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री चार-चार तासच झोपू दिले. तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची शक्ती घसरली. धावणाऱ्याने याचा अर्थ नीट लावावा. ताटात पीठ आणि साखर आली म्हणजे ती स्नायूत जाऊन बसलीच असे होत नाही. तिला आत घेणारे दार झोपेच्या हाती आहे. २०२१ साली ऑस्ट्रेलियात तेरा तरुणांवर झालेल्या प्रयोगात एक अख्खी रात्र जागून काढल्यावर स्नायूंत नवे प्रथिन बनण्याचा वेग अठरा टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे जागलेल्या माणसाला दूध-अंडी देणे हे गवंडी नसलेल्या ठिकाणी विटा उतरवण्यासारखे आहे.

आता हे सारे आपल्याकडे आणून पाहू. मुंबईच्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, आणि आठवड्याची सुटीही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळवली. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याचाही आधार गेला. रात्री उशिरापर्यंत साचे चालू लागले. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने जगासाठी आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवले, आणि त्याच करारात ब्रिटिश हिंदुस्थानसाठी वेगळे कलम घालून साठ तास लिहिले. इथल्या माणसाला झोप कमी लागते असे कुठे सिद्ध झाले होते कोण जाणे! अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आपल्या कायद्यात यायला १९४६ उजाडले. त्या काळी चाळीच्या एकेका खोलीत पाळीपाळीने निजणारे बिऱ्हाडकरू असत. एक उठून कामावर गेला की त्याच्या उबदार जागेवर दुसरा आडवा होई. या खोलीतून मॅरेथॉनचा धावपटू निघाला नाही याचे नवल वाटायला नको.

निघाला तो शेतावरून. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहताना सर दोराबजी टाटा यांना अनवाणी धावणाऱ्या शेतकरी मुलांच्या वेळा युरोपच्या तोडीच्या दिसल्या, आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी संघ गेला. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले त्या मॅरेथॉनमध्ये धावले. अंतर पावणेत्रेचाळीस किलोमीटर, आजवरच्या ऑलिंपिक मॅरेथॉनींत सर्वांत लांब. चौगुले दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावे आले. जिंकला फिनलंडचा कोलेहमाइनेन, ज्याने गवंडीकाम केले होते. चौगुल्यांच्या मागे दिवसभराची गिरणीची पाळी नव्हती, कोलेहमाइनेनच्या मागे शिस्तबद्ध सरावाची वर्षे होती, आणि दोघांच्या मधे अठरा मिनिटे होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईला आयटकचे पहिले अधिवेशन लाला लजपतरायांच्या अध्यक्षतेखाली भरले. इतिहासाची पुस्तके या दोन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत घालतात. आम्हांला त्या एकाच प्रकरणात वाचायची सवय लागली आहे.

स्त्रियांच्या बाबतीत तर हिशेब आणखी अवघड आहे. बोस्टनने त्यांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ साली, आणि ऑलिंपिकमध्ये त्यांची मॅरेथॉन आली १९८४ साली. आपल्याकडे आज पहाटे धावणाऱ्या स्त्रिया पुष्कळ दिसतात. त्यांतल्या नोकरी करणाऱ्या बाईची दुसरी पाळी घरी चालू होते आणि ती कोणत्याही तक्त्यावर नसते. साऱ्यांची पाने वाढून झाल्यावर उरेल ते खाणे आणि साऱ्यांच्या आधी उठणे, या रिवाजात अन्न आणि झोप दोन्ही एकदम तुटतात. लोह कमी असण्याचे प्रमाण स्त्रियांत मुळातच मोठे. अशा बाईला ‘सराव वाढवा’ म्हणणाऱ्या शिक्षकाने आधी तिच्या घरचा रात्रीचा स्वयंपाक कोण करतो ते विचारावे.

प्रौढ माणसाला सात ते नऊ तास झोप हवी, यावर आता जाणकारांचे दुमत नाही, आणि धावणाऱ्याने वरची बाजू धरावी. शर्यतीच्या आदल्या रात्री धाकधुकीने झोप आली नाही म्हणून घाबरण्याचे कारण नसते. आधीच्या आठवड्याच्या रात्री भरलेल्या असल्या की पुरते. ज्यांना तिसरी पाळी आहे त्यांची दिवसाची झोप उजेडाने, आवाजाने आणि अंगातल्या घड्याळाने तास-दोन तास तरी कापली जाते. त्यांनी पाळी सुटल्यावर तसेच लांब पल्ल्याला निघू नये. आधी थोडे खाऊन खोली अंधारी करून निजावे, आणि लांबची धाव सुटीच्या दिवशी, एक रात्र घरी झोपल्यानंतर ठेवावी. पाळी बदलते त्या आठवड्यात अंतर निम्मे करावे. दुपारची अर्ध्या तासाची डुलकी ही आळसाची खूण मानू नये. बार्कलेच्या नियमांतली ती एक गोष्ट तरी उचलण्याजोगी आहे.

अलीकडे आमच्याकडे दोन तरुण पाळीबदलाचा अर्ज लिहून घ्यायला आले होते. रविवारी पहाटे मॅरेथॉन, आणि शनिवारी दोघांनाही दुसरी पाळी, म्हणजे रात्री अकरानंतर सुटका. कारणाच्या रकान्यात काय लिहावे यावर त्यांची चर्चा चालली होती. एक म्हणाला घरगुती अडचण लिहू, दुसरा म्हणाला प्रकृती लिहू. आम्ही ‘झोप’ असे लिहून दिले. एकाला बदली मिळाली आहे. दुसऱ्याचा अर्ज टाइम ऑफिसात आहे आणि शर्यतीला अजून नऊ दिवस आहेत.